व्हर्लिन हेगस्टाडचा तुलनात्मक तक्ता

सेडर कोर्ट या छोट्या गल्लीत राहणारे सर्व वृद्ध 'लून' नावाचा आरोग्यविमा घेतात. त्याचा मासिक हप्ता 'प्रेअरी' या दुसऱ्या विम्याच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे. रुग्णालयात काढलेल्या प्रत्येक रात्रीसाठी लूनमध्ये खिशातून अधिक पैसे जातात. दातांसाठी त्यात वर्षाला एक सफाई आहे. चष्म्यासाठी काहीही नाही. दोन्ही विम्यांचे डॉक्टर तेच, रुग्णालय तेच आणि औषधांचे दुकानही तेच.

व्हर्लिन हेगस्टाड स्वतः कित्येक वर्षे लूनमध्ये होता, आणि ही वस्तुस्थिती त्याला ठाऊक नव्हती. पासष्टी उलटल्यावर मेडिकेअर या सरकारी आरोग्ययोजनेच्या छत्राखाली कोणत्या खासगी कंपनीचा विमा घ्यायचा, हा निर्णय त्याची बायको आर्डिस हिने परस्पर घेतला होता आणि दोघांचे अर्ज भरून टाकले होते. त्यानंतर काहीही केले नाही, तर तोच विमा दर वर्षी आपोआप पुढे चालू राहतो. काहीही न करणे ही मिनेसोटातील लेक एस्बी या गावाची जुनी आणि सिद्ध कार्यपद्धती असल्यामुळे विषय तेथेच मिटला होता.

तो उकरून काढण्याचे कारण वसंतात घडले. आर्डिसच्या हृदयाची एक झडप आखडत चालली असून येत्या वर्षात ती बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. व्हर्लिन घाबरला. त्या गावात घाबरल्याचे बोलून दाखवण्याची पद्धत नाही. लोक घाबरले की गॅरेज आवरतात. व्हर्लिनचे गॅरेज आवरलेलेच होते, म्हणून त्याने तक्ता करायला घेतला.

येथे त्याच्या स्वभावाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. राज्याच्या मृदापरीक्षण प्रयोगशाळेत त्याने उभी हयात माती तपासण्यात घालवली होती. "जमीन बरी आहे," असे शेतकरी म्हणाला, की बरी म्हणजे नत्र किती, असे तो विचारी. आणि शेतकऱ्याने आकडा सांगितलाच, तर तो कोणी मोजला, असे विचारी. निवृत्तीनंतर माती सुटली, पण प्रश्न सुटले नाहीत. आर्डिस म्हणायची, "तुला चर्चमध्ये आमेन म्हणतानासुद्धा चूक किती टक्के ते सांगावंसं वाटतं." हा आरोप निराधार होता, कारण व्हर्लिन चर्चमध्ये जातच नसे.

विमा बदलण्याची मुदत ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते. या काळात टीव्हीवर एकेकाळचे फुटबॉलपटू पांढरे दात दाखवून सांगतात, की आपल्या हक्काचे लाभ आपण हातचे घालवत आहात. व्हर्लिनने टीव्ही बंद केला आणि दोन्ही विम्यांची जाडजूड पुस्तके मागवून जेवणाच्या टेबलावर मांडली. प्रारंभी तक्ता एका कागदावर मावत होता. मग औषधांसाठी दुसरा कागद जोडावा लागला, चाचण्यांसाठी तिसरा, आणि 'काही अपवाद वगळता' या शब्दांसाठी एक संपूर्ण पुरवणी. थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की हेगस्टाड दांपत्याने त्या वर्षी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने खाल्ली.

"टेबल कधी मिळेल?" आर्डिसने विचारले.

"निष्कर्ष आला की."

"निष्कर्ष आला की आधी त्याला म्हणावं, पाय पूस. मी फरशी धुतलीय."

पुस्तकांतील डॉक्टरांच्या याद्या खऱ्या आहेत का, हा पुढचा प्रश्न होता. सामान्य माणूस अशा वेळी फोन करतो. व्हर्लिनने नमुना-तपासणीचे तत्त्व अंगीकारले, म्हणजे यादीतील निवडक पत्त्यांवर तो स्वतः गाडी घेऊन गेला. एक सांधेतज्ज्ञ हयात नव्हते. दुसऱ्यांच्या पत्त्यावर मासेमारीच्या आमिषाचे दुकान निघाले. दुकानदाराने त्याच्या हातातले पुस्तक पाहिले आणि शांतपणे म्हटले, "डॉक्टर ॲरिझोनात गेले. दर वर्षी तुमच्यासारखं कुणीतरी येतंच. आता आलाच आहात, तर मिनो देऊ का डझनभर? ताजे आहेत." व्हर्लिनने सौजन्य म्हणून डझनभर मासे घेतले. तो मासेमारी करीत नाही. त्या माशांची पुढील व्यवस्था हा वेगळा आणि दुःखद विषय आहे.

तरीही निष्कर्ष आला, आणि तो संशयापलीकडचा होता. एकूण एक रकान्यात प्रेअरी वरचढ होता, आणि ज्या वर्षी झडप बदलायची, त्या वर्षी तर फारच. 'व्यायामाची सोय' या शेवटच्या रकान्यात तेवढी दोन्हींपुढे बरोबरची खूण होती.

तक्त्याची बातमी सेडर कोर्टवर पसरली. पहिला आला ओर्लो पेटरमन. हा विधुर गृहस्थ पूर्वी दुधाचा टँकर चालवीत असे आणि आता विमा कंपन्यांच्या माहिती-सभांना नियमित हजेरी लावत असे. अशा सभांत वृद्धांना जेवण देण्यास सरकारी मनाई आहे. डोनट मात्र नियमात बसतो. ओर्लोचा विम्याचा अभ्यास तेवढ्यापुरता होता.

"काय प्रोफेसर," तो तक्त्यावर वाकून म्हणाला, "हा काय, रस्त्याचा नकाशा?"

"यावरून तुझे वर्षाला किती पैसे वाचतील, ते दिसतं."

"अरे वा." ओर्लोने बराच वेळ पाहिले. "हे तर फारच इंटरेस्टिंग आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने एक हॉटडिश आणून दिला: खिमा, घट्ट सूप आणि वरून बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. मग पलीकडच्या घरातल्या मार्डेल क्विस्टबाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या या विधवा बाईंनी सहकारी दूध डेअरीचे हिशेब आयुष्यभर सांभाळले होते. त्यांनी व्हर्लिनची एक बेरीज दुरुस्त करून दिली, "खूप मेहनत घेतलीस रे," असे म्हटले, आणि संध्याकाळी लिंबाच्या वड्या पाठवल्या. हळूहळू कोर्टवरचे सगळेच येऊन गेले. प्रत्येकाने ऐकले, मान डोलावली, नवल केले. प्रत्येकाकडून काही ना काही पदार्थ आला. फ्रीज भरला, तेव्हा उरलेले हॉटडिश बाहेर बर्फात ठेवावे लागले. व्हर्लिनने प्रत्येक पदार्थ ही एक संमती धरली आणि मनातल्या मनात टक्केवारी काढली. ती शंभर होती. प्रयोगशाळेत असा आकडा आला असता, तर त्याने यंत्र तपासायला पाठवले असते. पण स्तुतीचे यंत्र कोणी तपासत नाही.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना त्याने ओर्लोला सहज विचारले, "मग, प्रेअरीचा अर्ज केलास ना?"

"मी? छे."

"का?"

ओर्लोने टोपी काढली, तिच्यात पाहिले आणि पुन्हा घातली. "लून हा आपला पक्षी आहे, प्रोफेसर. राज्याचा."

चौकशीअंती समजले, की कोणीही अर्ज केलेला नव्हता. त्या गावात तोंडावर नाही म्हणणे असभ्य समजतात. नकार द्यायचा असेल, तर सोबत काहीतरी भाजून नेतात. व्हर्लिन जन्मापासून तेथेच राहत होता. तरीही एवढ्या नकारांचे कॅलरीमूल्य त्याने आनंदाने पचवले होते. पालथ्या घड्यावर पाणी ओतणाऱ्याला निदान घडा पालथा दिसत तरी असतो.

खरा धक्का घरात बसला.

"आपणही लूनच ठेवू," आर्डिस म्हणाली.

"तू तक्ता पाहिलास?"

"गेला महिनाभर दुसरं काय पाहतेय?"

"त्यात चूक सापडली?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. लून ठेवू. दोघांचाही. तुझा तर नक्कीच."

लग्न झाल्यापासून आर्डिसने आकड्यांपुढे कधी हट्ट केला नव्हता. व्हर्लिनला प्रथम राग आला. मग त्याच्या लक्षात आले, की हा राग नसून भीतीच आहे. शस्त्रक्रिया होणार तिची, आणि महाग विमा हवा तिलाच. साठवलेल्या पैशांपैकी किती त्यात जातील, हे त्याने तिला वाचून दाखवले होते. तिने ऐकून घेतले होते आणि त्याच्या स्वेटरवरचा धागा काढला होता.

त्याने गृहीतके मांडली. लोकांना हिशेब कळत नाही, हे पहिले. क्विस्टबाईंनी दुरुस्त केलेली बेरीज समोर असल्याने ते टिकले नाही. लूनचा एजंट काही आमिष दाखवतो, हे दुसरे; पण प्रेअरीच्या सभेतल्या डोनटांत क्रीम होते आणि लूनच्या सभेतले साधे होते, याला खुद्द ओर्लो साक्षी होता. सवय हे तिसरे. पण हेच लोक कॉफीच्या डब्यावरच्या सवलतीच्या कूपनासाठी दुकान बदलत. पक्ष्याविषयीचे प्रेम या गृहीतकाला त्याने अर्धा दिवस दिला आणि नंतर त्या अर्ध्या दिवसाची त्याला लाज वाटली.

शेवटी तो पुन्हा क्विस्टबाईंकडे गेला आणि या खेपेस उत्तर मिळाल्याखेरीज उठला नाही. त्याने दोनदा कॉफी घेतली, तिसऱ्यांदा कप पुढे केला. बाईंनी तीनदा विषय हवामानावर नेला. तो तीनदा परत विम्यावर आला. अखेर सभ्यतेपुढे हतबल होऊन त्या म्हणाल्या, "बरं बाबा, करते मी प्रेअरीला फोन."

"लाइन लागायला वेळ लागतो. ठाम राहा. ठेवू नका."

"नाही ठेवणार."

एक तरी विजय पदरात पडला, अशा समाधानात व्हर्लिन घरी आला.

त्यानंतरच्या सकाळी थंडीने आर्डिसची गाडी सुरू होईना. ती रोज सकाळी शाळेच्या तळघरातल्या पोहण्याच्या तलावावर, पाण्यातल्या व्यायामाच्या वर्गाला जात असे. व्हर्लिनने त्या तलावात आजवर पाऊल टाकले नव्हते. पाणी हे त्याच्या मते विश्लेषणासाठी असते. तिला सोडून परत यायचे आणि पुन्हा आणायला जायचे, यात पेट्रोल दुप्पट लागते. म्हणून तो कोट न काढता काठावरच्या बाकावर बसून राहिला.

कोमट पाण्यातून वाफ निघत होती आणि वाफेत सगळे सेडर कोर्ट छातीपर्यंत बुडालेले होते. फुलाफुलांच्या रबरी टोप्या घातलेल्या बायका, आणि त्यांच्यामध्ये चक्क ओर्लो पेटरमन.

"प्रोफेसर! आत ये. पाण्याला गणित येत नाही, घाबरू नकोस."

व्हर्लिनची नजर शिकवणाऱ्या बाईंच्या छोट्या खोलीच्या उघड्या दारातून आत गेली होती. भिंतीवर एक फळी होती, फळीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला घराची किल्ली होती. त्यांतल्या एका किल्लीला मृदापरीक्षण प्रयोगशाळेचे जुने पितळी लेबल होते. ती किल्ली त्याच्या घराची होती.

संगीत सुरू झाले. कोणीही हलले नाही. प्रत्येकाची पाण्यातली जागा ठरलेली होती, आणि आर्डिसच्या शेजारची जागा रिकामी होती.

"मार्डेल कुठाय?" ओर्लोने विचारले. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"सांगून गेलीय कुणाला?" आर्डिसने विचारले.

"मला नाही."

"मलाही नाही."

शिकवणाऱ्या बाईंनी फोन लावला. लाइन व्यग्र होती. पुन्हा लावला, व्यग्रच. संगीत बंद झाले. आर्डिस शिडीवरून वर आली. "आज जायची पाळी माझी," एवढेच म्हणून तिने फळीवरची एक किल्ली काढली आणि ओल्या पोहण्याच्या कपड्यांवरच कोट चढवला.

"अगं, निदान केस तरी पूस," व्हर्लिन म्हणाला.

"गाडी काढ."

वाटेत तिच्या केसांच्या बटा गोठून काड्यांसारख्या झाल्या. झडप खराब असलेल्या माणसाने अशी धावपळ करू नये, हे तिला सांगावे असे त्याला वाटले. पण क्विस्टबाईंचा फोन का व्यग्र असावा याची अनेक कारणे त्याच्याही मनात आली, आणि त्यांपैकी एका कारणात हातातून निसटलेला फोन जमिनीवर पडलेला होता. मग त्याने नुसता वेग वाढवला.

घंटेला उत्तर आले नाही. आर्डिसने किल्लीने दार उघडले. आतून बासरी ऐकू येत होती.

क्विस्टबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलेले, फोन कानाला घट्ट धरलेला, आणि फोनमधून बासरीची तीच ती धून. दोघांना पाहताच त्यांनी तळहात उभा केला.

"शू! माझा नंबर जवळ आलाय."

"मार्डेल! तू वर्गाला आली नाहीस!"

"कशी येणार? उजाडल्यापासून लाइनीत आहे. ठेवला तर पुन्हा शेवटून. व्हर्लिननं बजावलंय, ठेवू नका म्हणून."

आर्डिसने वळून नवऱ्याकडे पाहिले. तिच्या भुवयांवर बर्फ होते. व्हर्लिनने खिडकीकडे पाहिले.

त्याच क्षणी बासरी थांबली आणि एका तरुणाचा उत्साही आवाज आला: प्रेअरी परिवारात स्वागत, मी आपली काय मदत करू? क्विस्टबाईंनी आर्डिसच्या गोठलेल्या केसांकडे पाहिले, कोटाखालून फरशीवर ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिले.

"काही नाही रे बाळा," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तू कामात असशील. तुझा दिवस छान जावो." आणि त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांनी श्रवणयंत्र लावले, वड्यांचा डबा उघडून व्हर्लिनपुढे धरला, आणि या खेपेस त्याचा अर्थ त्याला समजला.

परतताना गाडीत हीटर पूर्ण चालू होता. आर्डिसचे केस वितळून तिच्या कोटावर पाणी ओघळत होते.

"हे रोज करता?"

"रोज कुठे? कुणी दिसलं नाही तर."

"केव्हापासून?"

"शेवटच्या घरातला एल्मर तळघराच्या पायऱ्यांवरून पडला, तेव्हापासून. दोन रात्री तिथंच होता. ओरडून ओरडून आवाज गेला त्याचा. पोस्टमन आला म्हणून वाचला."

"पण त्याचा लूनशी काय संबंध?"

"लून व्यायामासाठी पैसे देतं. दर माणशी, जितक्या वेळा येऊ तितक्या वेळा, शाळेला. त्यावर हिवाळ्यात सकाळचं पाणी तापतं. प्रेअरीच्या यादीत आपला तलावच नाही. त्यांचे व्यायामाचे हॉल आहेत दूर मोठ्या गावात. आम्ही गेलो प्रेअरीत, की पाणी थंड. मग कोण येणार, आणि कोण कुणाला शोधणार?"

व्हर्लिनला तक्त्यातला शेवटचा रकाना आठवला. डॉक्टरांचे पत्ते त्याने स्वतः जाऊन तपासले होते. व्यायामाचे तपासले नव्हते, कारण व्यायाम हे औषध आहे असे त्याला वाटत नव्हते. सोय आहे की नाही, एवढेच त्याने मोजले होते.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? की आम्हाला एकट्यानं पडून राहायची भीती वाटते? असं कोण बोलतं इथं?"

ते खरे होते. गाडी थोडी पुढे गेली. व्हर्लिनचे मन आपल्या सवयीने स्पष्टीकरण पुन्हा एकदा तपासू लागले. ते ओर्लोला लागू पडत होते, क्विस्टबाईंना लागू पडत होते, कोर्टवरच्या एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला लागू पडत होते. एक नमुना मात्र त्यात बसत नव्हता.

"तू एकटी राहत नाहीस," तो म्हणाला. "तू पडलीस तर मी आहे घरात."

"हो. मला तू आहेस."

"मग तू का नाही बदलत? एका माणसानं पाणी थंड होत नाही. आणि माझा लून तर नक्कीच ठेव म्हणालीस. मी तर पाण्यात उतरतही नाही."

आर्डिसने हातमोजा काढला आणि काचेवरची वाफ पुसली.

"डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन बहुतेक नीट होईल. बहुतेक म्हणजे किती, ते तुला माहीत आहे. मी विचारलं नाही."

व्हर्लिनला माहीत होते. आकडा चांगला होता. शंभर नव्हता.

"तू फोन उचलत नाहीस," ती पुढे म्हणाली. "चर्चला येत नाहीस. दार वाजलं की तळघरात जातोस. विमा लूनचा असला, तर निदान तलावावर तरी जाशील. मी नसले, तर तू कुणाला दिसणार आहेस, व्हर्लिन?"

तो घरासमोर गाडी उभी करून इंजिन बंद न करता मनातल्या मनात तक्ता पुन्हा वाचू लागला. पुष्कळ वेळाने त्याला जो तोडगा सुचला, तो त्यानेच केलेल्या तक्त्यातून निघत होता, एवढे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. विमा माणशी वेगळा असतो. नवराबायकोचा एकच असावा असा नियम नाही. शस्त्रक्रिया आर्डिसची आहे, तेव्हा तिने प्रेअरीत जावे आणि तलावावर तिकीट काढावे. लून शाळेला हजेरीनुसार पैसे देते, तेव्हा तिच्या हजेरीची भरपाई लूनमधल्या दुसऱ्या कोणी रोज येऊन करावी.

"दुसऱ्या कोणी म्हणजे?" आर्डिसने विचारले.

"मी."

"पाण्यात?"

"पाण्यात."

"रोज? बर्फातसुद्धा? ओर्लोच्या शेजारी?"

"ओर्लोची जागा बदलता येत असेल, तर चौकशी कर."

मुदत संपण्याआधी आर्डिसचा अर्ज गेला. व्हर्लिनचा तसाच राहिला. त्याने काहीही केले नाही. पुढच्या सोमवारी तो ज्या चड्डीत तलावाच्या शिडीवरून उतरला, तिच्याविषयी कोर्टवर काय बोलले गेले, ते येथे देण्यासारखे नाही. पाणी कोमट होते. आर्डिसच्या दुसऱ्या बाजूला त्याला जागा नेमून देण्यात आली.

कारण असे होते. सेडर कोर्टवरचे लोक महाग विमा घेतात, कारण त्याच्या पैशांवर शाळेच्या तलावाचे पाणी हिवाळ्यात तापते, आणि त्या पाण्यात सकाळी जो दिसत नाही, त्याच्या घरी लगेच कोणीतरी जाते. आर्डिस हेगस्टाडला तो स्वतःसाठी ठेवायचा नव्हता. आपल्या मागे नवऱ्याकडे कोणीतरी जावे, म्हणून तिला तो ठेवायचा होता.